काय नाही ते बघून घ्या

चौलच्या दत्ताच्या जत्रेत किंवा वरसोलीला विठोबाच्या जत्रेत खेळण्यांच्या दुकानांपुढून चालत गेलं, की हातात धरून खेळायच्या गेमचा निम्मा इतिहास एकाच दोरीला टांगलेला दिसतो. बटण दाबलं की पाण्यात रिंगा उडतात तो बिनसेलचा गेम, पेन्सिल सेलवर चालणारा आणि वरून विटा पाडणारा ‘ब्रिक गेम’, आणि अलीकडचा रंगीत पडद्याचा ‘400 इन 1’. याच्या पुढची पायरी जत्रेत मिळत नाही. ती मुंबईच्या दुकानातून नाहीतर ऑनलाइन मागवावी लागते, आणि तिथे किंमत एकदम पाच आकड्यांत जाते. गिऱ्हाईक मात्र दोन्हीकडे एकच विचारतं: यात काय काय आहे? गेम किती, पडदा केवढा, नेट चालतं का, टीव्हीला जोडता येतो का? मोठ्या माणसाने स्वतःसाठी घेताना हे विचारणं रास्तच आहे. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी घेताना मात्र प्रश्न उलटा करायला हवा, असं माझं म्हणणं आहे: यात काय काय नाही? मुलाचं यंत्र म्हणजे मोठ्यांच्या यंत्राची स्वस्तातली धाकटी आवृत्ती नव्हे. त्यातून जे मुद्दाम वगळलेलं असतं, त्याचेच पैसे द्यायचे असतात.

हे तिरपागडं वाटेल, पण या यंत्रांचा इतिहास याच बाजूने साक्ष देतो. निन्टेन्डो या जपानी कंपनीत गुनपेई योकोई नावाचे अभियंते होते. बुलेट ट्रेनमध्ये कंटाळलेला एक नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला त्यांना दिसला आणि त्यातून 1980 साली ‘गेम अँड वॉच’ हा खिशात मावणारा खेळ निघाला, असं सांगतात. म्हणजे ज्याला आपण पोरखेळ म्हणतो, तो मुळात मांडव्याच्या लाँचमध्ये डुलक्या काढणाऱ्या कारकुनासारख्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून सुचला. योकोईंचं धोरण असं, की तंत्रज्ञान सुकलेलं घ्यावं आणि विचार आडवा करावा. सुकलेलं म्हणजे जुनं झालेलं, स्वस्त झालेलं, ज्याच्या खोड्या सगळ्यांना कळून चुकल्या आहेत असं. पावसाळ्यात ताजी मासळी बंद झाली की सुकटीवर जेवणं निभावणाऱ्या किनाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. 1989 साली त्यांच्या चमूने गेम बॉय काढला तेव्हा त्याला रंग नव्हते, पडद्यामागे दिवाही नव्हता. होतं ते हिरवट काचेवर हलणारं करडं चित्र. पुढच्याच वर्षी सेगा कंपनीचा गेम गिअर आला, तो रंगीत आणि उजळ पडद्याचा. पण तो सहा सेल तीन ते पाच तासांत संपवायचा, आणि गेम बॉय चार सेलवर पंधराएक तास चालायचा. पुढे गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून 11 कोटी 86 लाखांवर खपली, गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला.

मोठे की मुलं, हा सवालही तेव्हापासूनचा आहे. गेम बॉयच्या खोक्यात कोणता खेळ फुकट द्यायचा, यावर अमेरिकेत खल झाला. हेंक रॉजर्स या व्यावसायिकाने कंपनीच्या तिथल्या प्रमुखांना सुचवलं, की मुलांपुरतं विकायचं असेल तर मारिओ घाला, सगळ्यांना विकायचं असेल तर टेट्रिस घाला. टेट्रिस घातला गेला. जत्रेतला ‘ब्रिक गेम’ हा त्याच टेट्रिसचा बिनपरवान्याचा भाऊ. या खेळात गोष्ट नाही, भाषा नाही, वय नाही. पण तो एका परीने कधी संपतही नाही, हार होईपर्यंत चालत राहतो. मोठ्या माणसाला घटकाभर विरंगुळा म्हणून हे बरं. लहान मुलाला मात्र ‘इथे हा भाग संपला, आता ठेव’ असं म्हणता येईल अशी पायरी लागते. लहानांसाठी निवडताना यंत्राइतकंच खेळाकडेही पाहावं लागतं, ते यासाठी.

वगळण्याची कला सर्वात स्वच्छ दिसते ती निन्टेन्डोच्या 2013 सालच्या ‘टूडीएस’मध्ये. आधीच्या ‘थ्रीडीएस’ला बिजागरी होती, पुस्तकासारखी घडी व्हायची आणि चष्म्याशिवाय त्रिमिती चित्र दिसायचं. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांनी ही त्रिमिती पाहू नये, त्यांची नजर अजून घडत असते, असा इशारा कंपनीनेच दिलेला होता. मग लहानांसाठी काढलेल्या यंत्रातून त्रिमितीच काढली, आणि पोरांच्या हातात बिजागरी टिकत नाही म्हणून बिजागरीही काढली. उरली पाचरीच्या आकाराची एक ठोकळेबाज पाटी. दिसायला गावंढळ, पण खेळ सगळे तेच. निन्टेन्डोच्याच ‘स्विच’ या यंत्राच्या 2019 सालच्या ‘स्विच लाइट’ या धाकट्या आवृत्तीतही हाच मार्ग दिसतो: टीव्हीला जोडायची सोय नाही, बाजूचे कंट्रोल सुटे होत नाहीत, थरथर नाही, वजन जेमतेम पावशेराच्या वर, 275 ग्रॅमच्या आसपास. हा काटकसरीचाही मामला आहे, हे उघड आहे. पण सुटा भाग नाही म्हणजे हरवायचा भाग नाही, आणि टीव्हीला लागत नाही म्हणजे संध्याकाळी घरातल्या टीव्हीवरून भांडण नाही. स्विचच्या इवल्याशा कॅसेटवर डेनाटोनियम बेंझोएट या अतिकडू पदार्थाचा लेप असतो, तो पोराने तोंडात घातलेली कॅसेट थुंकावी म्हणून. असा विचार झालेलं यंत्र आणि नुसतं लहान आकाराचं यंत्र, यांतला फरक दुकानातल्या काचेपलीकडून कळत नाही.

पहिला आक्षेप ठरलेला आहे. घरात फोन आहेच, त्यात हजार गेम फुकट मिळतात, मग वेगळं यंत्र कशाला? फोनवर हवं ते सगळं मिळतं, अडचण तिथेच आहे. ‘फुकट’ गेमचा धंदा खेळ विकण्यावर चालत नाही, तो खेळ न संपण्यावर चालतो: मध्येच जाहिरात, मध्येच ‘आज आला नाहीस तर बक्षीस जाईल’ अशी आठवण, मध्येच चकाकणारी पेटी आणि शेजारी पैशांचं बटण. हे पालकांचं नुसतं गाऱ्हाणं नाही. डिसेंबर 2022मध्ये ‘फोर्टनाइट’ बनवणाऱ्या एपिक गेम्सने अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करताना एकूण 52 कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. त्यातले साडेसत्तावीस कोटी मुलांच्या माहितीच्या खासगीपणाबद्दल होते, आणि साडेचोवीस कोटी होते फसव्या रचनेच्या बटणांमुळे ग्राहकांकडून नकळत झालेल्या खरेदीच्या परताव्यासाठी. आपल्याकडे 2025 साली ऑनलाइन खेळांचा जो कायदा झाला, त्याने पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ बंद केले. गेममध्ये नवा अंगरखा विकत घेण्याला तो आडवा येत नाही. न्यायाने बोलायचं तर फोर्टनाइट स्विचवरही चालतो. यंत्र आपोआप सोवळं राहत नाही, त्याला आपण कार्ड जोडलं की तेही फोनच्या वाटेने जातं. पण स्विचला कार्ड आणि नेट न जोडता नुसत्या कॅसेटवर वर्षभर खेळता येतं. फोनचं नेट काढलं तर तो फोन कोणाच्याच कामाचा राहत नाही, आणि त्यावर शाळेचा ग्रुपही असतो, बाजारभावही असतो, आत्याचा व्हिडिओ कॉलही येतो.

दुसरा आक्षेप मला जास्त अडचणीचा वाटतो, कारण तो माझ्याच कसोटीवर उभा राहतो. नेट नाही, कार्ड नाही, जाहिरात नाही, टीव्हीची तार दिली तरी नाही दिली तरी चालतं. मग काही शे रुपयांचा जत्रेतला ‘400 इन 1’च सर्वात उत्तम मुलांचा गेम ठरत नाही का? बऱ्याच अंशी ठरतो, असंच उत्तर द्यावं लागेल. आठवीतल्या ताईचा फोन हिसकावून घेणाऱ्या सात वर्षांच्या पोरासाठी फोनपेक्षा हा ठोकळा बरा. पण याच्यातली वगळणूक विचारातून आलेली नाही, ती हलगर्जीपणातून आली आहे. गेम 400 म्हणतात तरी तेच ते नाव बदलून पुन्हा येतात. बहुतेक 1980च्या दशकातल्या आठ बिटच्या खेळांच्या नकला असतात, आणि खेळलेलं साठवून ठेवायची सोय नसते. म्हणजे ‘उद्या इथूनच पुढे’ असं मुलाला सांगता येत नाही, आणि रडारड तिथेच सुरू होते. मागचं झाकण अनेकदा स्क्रूशिवाय नखाने उघडतं, आणि आत जुन्या नोकिया फोनमध्ये असायची तशी ‘बीएल-5सी’ मापाची लिथियम बॅटरी सापडते. त्या मापाच्या खुद्द नोकियाच्या साडेचार कोटींहून जास्त बॅटऱ्यांबद्दल 2007 साली, चार्ज होताना तापू शकतात म्हणून, बदलून देण्याची सूचना निघाली होती. बिननावाच्या कारखान्यातल्या बॅटरीबद्दल तर अशी सूचनाही निघत नाही. इलेक्ट्रॉनिक व्हिडिओ गेम हे सक्तीच्या नोंदणीच्या 2012च्या सरकारी आदेशातल्या पहिल्याच यादीत आहेत. यंत्रावर किंवा खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असायला हवा. तो शोधायला अर्धा मिनिट लागतो. नसेल तर निदान चार्जिंगला लावून झोपू नये.

आता किनाऱ्याचा हिशोब, जो मुंबई-पुण्याच्या खरेदी-सल्ल्यात कधी नसतो. मीठ स्वतः पाणी ओढतं: हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण आपोआप ओला होऊन विरघळू लागतो. अलिबाग-मुरूड-श्रीवर्धनच्या पट्ट्यात पावसाळाभर हवा याच्या वरच असते, आणि वाऱ्याबरोबर आलेला खारा थर चार्जिंगच्या भोकात, बटणांच्या फटीत, पंख्याच्या जाळीत जाऊन बसतो. तिथे पाणी आणि मीठ एकत्र आलं की तांब्याचे संपर्क हिरवे पडतात. मोठ्यांच्या जोरकस यंत्रांत थंडाव्यासाठी पंखा असतो, तो बाहेरची खारी हवा सतत आत ओढतो. लहान मुलांच्या साध्या ठोकळ्यात पंखाच नसतो, म्हणजे तेवढं एक दार बंद. स्विच घराण्याला पंखा आहे, लाइटलाही आहे, हे मात्र लक्षात ठेवावं. उपाय घरातच आहे: पापड, सुके बोंबील, जवळा ज्या हवाबंद डब्यात आगोटीला भरून ठेवतात, तसला एक डबा आणि त्यात बूट-पिशव्यांतून आलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. फक्त तो डबा बोंबलांचा नसावा.

दुसरं दुखणं स्टिकचं. अंगठ्याने फिरवायच्या या दांड्यांखाली कार्बनचा पातळ पट्टा असतो, तो घासून झिजला किंवा त्यात धूळ गेली की बोट न लावताही पडद्यावरचा माणूस एकीकडे सरकू लागतो. स्विचची ही खोड जगभर गाजली. सुटा कंट्रोल असला तर तो बदलता येतो. लाइटमध्ये तो अंगातच बसवलेला असल्याने अख्खं यंत्र उघडावं लागतं. म्हणजे वगळण्याचा हा एक तोटा, आणि तो किरकोळ नाही. काही नव्या यंत्रांत घासणाऱ्या पट्ट्याऐवजी चुंबकाचं क्षेत्र मोजून हालचाल ओळखतात, त्यात झीज जवळजवळ नाही. अलिबागला चुंबकत्वाच्या मोजमापाचं अप्रूप असायचं कारण नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची भूचुंबकीय वेधशाळा 1904 साली इथेच आणली गेली. पण स्विचमध्ये किंवा 2025च्या स्विच 2मध्येही चुंबकाची ही सोय नाही, आणि निन्टेन्डोची अधिकृत विक्री-दुरुस्ती व्यवस्था भारतात नसल्याने जे येतं ते आयातदाराच्या भरवशावर येतं. हमी म्हणजे दुकानदाराचा शब्द. वाळूत खेळून आलेले हात धुतल्याशिवाय गेमला हात लावायचा नाही, हा नियम इथे कुठल्याही वॉरंटीपेक्षा जास्त कामाचा.

विजेचाही इथे भरवसा नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं, खांब कोसळले, रेंज गेली, आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. तेही टाळेबंदीत, शाळा फोनवर आलेल्या दिवसांत. एवढ्या संकटात गेमची चिंता कोणी करत नाही हे खरं. पण दरसालच्या साध्या पावसातही लाईट आणि रेंज दोन्ही आलटून पालटून जातात, आणि मूल घरात कोंडलेलं असण्याचे दिवस नेमके तेच असतात. जो खेळ चालू होण्याआधी नेटला विचारून घेतो, तो अशा दिवशी उघडत नाही. सोनीचं प्लेस्टेशन पोर्टल तर या किनाऱ्यावर नीट विचार करूनच घ्यावं. खेळ त्याच्या पोटात नसतोच, तो घरातल्या पीएस-5मधून किंवा इंटरनेटवरून ओढून आणावा लागतो.

मोठ्यांची गोष्ट निराळी, आणि तिच्यात लाजण्यासारखं काही नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो मार्च 2020मध्ये सुरू झाली, तिला तासभर लागतो. वडखळच्या कोंडीत एसटीला किती लागेल ते एसटीलाही ठाऊक नसतं. या वेळात कोणी पुस्तक वाचतो, कोणी रील्स ढकलतो, कोणी गेम खेळतो, आणि तिसऱ्याला दुसऱ्यापेक्षा कमी का लेखावं हे मला कळत नाही. त्याने मात्र ‘काय आहे’ असंच विचारावं. संगणकावरचे गेम आधीच विकत घेतलेले असतील तर तेच खेळ चालवणारं यंत्र त्याच्या फायद्याचं. आसुसचं आरओजी अॅलाय 2023मध्ये भारतात अधिकृतपणे 69,990 रुपयांना आलं. वजन 608 ग्रॅम, म्हणजे सोललेला नारळ तासभर दोन्ही हातांत धरण्यासारखं, आणि भारी खेळ लावला तर बॅटरी मांडव्याहून परतीच्या फेरीपर्यंत पुरेलच असं नाही. वाल्व्हच्या स्टीम डेकला झोपवलं की क्षणात झोपतं आणि उठवलं की खेळ होता तिथूनच सुरू होतो. प्रवाशाला हा गुण वेगापेक्षा मोलाचा, पण त्याचीही भारतात अधिकृत विक्री नाही. पडद्याचं मापही मोठ्यांनी नीट पाहावं. स्विच लाइटचा साडेपाच इंची पडदा पोरांना भरपूर होतो, चाळिशी लागलेल्या माणसाला त्यावरची बारीक अक्षरं वाचताना गेमपेक्षा चष्माच जास्त खेळवावा लागतो. त्याला सात इंच हवेत, शक्य तर जास्त.

मग दोन यंत्रं घेण्यापेक्षा एकच चांगलं घेऊन सगळ्यांनी वापरावं, असं घरातलं कोणी तरी म्हणतंच. स्विचवर प्रत्येकाचं वेगळं खातं करता येतं, वयाची मर्यादा यंत्रातच पिन घालून लावता येते, वेळेची मर्यादा पालकाच्या फोनवरच्या अॅपमधून. स्विचपुरता हा तोडगा चालतो. आरओजी अॅलायसारख्या सत्तर हजारांच्या विंडोज यंत्रावर तो चालत नाही, कारण ते यंत्र म्हणजे ब्राउझर, चॅट आणि दुकान असलेला पूर्ण संगणक आहे, फक्त बाजूला बटणं लावलेला. शिवाय पिन हे कुलूप आहे. टूडीएसच्या कर्त्यांनी खोलीच बांधली नव्हती. कुलूप घालणाऱ्याला किल्ली सांभाळत बसावं लागतं. एक यंत्र घ्यायचंच तर ते मुलाच्या मापाने घ्यावं आणि मोठ्याने त्यावर खेळावं. मोठ्याच्या मापाचं घेऊन मूल त्यात बसवायला जाऊ नये. खोक्यावर युरोपच्या ‘पेगी’ पद्धतीचे 3, 7, 12, 16, 18 हे आकडे असतात, ते त्या वयाला योग्य मजकुरासाठी असतात, खेळायला सोपं की अवघड यासाठी नव्हे. 3 लिहिलेला खेळही सहा वर्षांच्या मुलाला वाचता येत नसेल तर अडतो.

राहिला सर्वात जुना आक्षेप: समुद्र दाराशी असताना गेम कशाला? याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण तो बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019मध्ये सांगितलं, की दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एक तासाच्या वर नको. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2021च्या मार्गदर्शक सूचनांत दोन वर्षांखाली पडदा मुळीच नको आणि पाच ते दहा वर्षांत दोन तासांहून कमी असं म्हटलं, आणि त्यात टीव्ही, फोन सगळं आलं. चीनच्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेच्या वेळात रोज 40 मिनिटं जादा बाहेर काढलं, तेव्हा तीन वर्षांत लांबचं न दिसण्याचा दोष नव्याने जडण्याचं प्रमाण सुमारे तीस टक्के राहिलं; तसं न केलेल्या शाळांतल्या मुलांत ते साडेएकोणचाळीस टक्के होतं. किनाऱ्यावरच्या मुलाला ही 40 मिनिटं फुकट आहेत. सहाच्या आतल्या मुलासाठी म्हणून हातातला गेम घेऊच नये. सागरगोटे आणि वाळू पुरतात. पण पाऊस इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, दर्या खवळलेला असतो, आणि त्या दिवसांत प्रश्न समुद्र की गेम असा नसतो, फोन की गेम असा असतो.

आणि घेताना एक नवी मेख. कॅसेट असली की खेळ आपला, नेट लागत नाही, धाकट्याला देता येतो, विकताही येतो, हा हिशोब आजवर सरळ होता. स्विच 2वर जुन्या स्विचच्या बहुतेक कॅसेट चालतात, म्हणून तो पुढेही चालला असता. पण स्विच 2च्या काही खेळांच्या खोक्यात आता ‘गेम-की कार्ड’ येतं. दिसतं हुबेहूब कॅसेटसारखं, बसतंही त्याच खाचेत; आत खेळ नसतो, फक्त तो नेटवरून उतरवून घेण्याची किल्ली असते, आणि उतरवायचा म्हणजे कित्येक जीबी. खोक्याच्या पुढच्या बाजूला खालच्या कडेला तसं छापलेलं असतं, इंग्रजीत, बारीक.